म्हातारी पांढरी का पडली

४ मार्च

ती. ताईस,
ढब्बूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कधीच आलं होतं, पण संचालक झाल्यापासून मला डोक्यावरचे केस मोजायलाही फुरसत नाही. (मोजण्याइतकेच उरलेत, असं तू म्हणणार. म्हणू नकोस.)

आधी आनंदाची बातमी. आमच्या मत्स्यालयात क्रांती झाली आहे आणि ती माझ्या केबिनमधून सुरू झाली.

गेल्या वर्षी मी केबिन वाढवून घेतली, हे तुला कळवलं होतंच. शेजारच्या यंत्रखोलीतली अर्धी जागा मिळाली. संचालकाची केबिन एवढी हवी, की आत शिरलेला माणूस टेबलापाशी पोचेपर्यंत आपली तक्रार विसरला पाहिजे. फक्त एक गैरसोय झाली. प्रवाळाच्या टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर त्याच यंत्रखोलीत आहे आणि त्याचा गरम वारा बाहेर टाकणारा झरोका भिंत सरकवल्यामुळे माझ्या खुर्चीच्या मागे आला. म्हणजे टाकीतली उष्णता उपसायची आणि संचालकाच्या मानेवर ओतायची! मी त्यावर माझी मानपत्रं टांगून पाहिली. मानपत्रांच्या कडा वळल्या, वारा थांबला नाही. शेवटी हुकूम काढला, की मी केबिनमध्ये असेन तोवर चिलर बंद. आणि मी दिवसभर केबिनमध्येच असतो, माझ्या कर्तव्यदक्षतेबद्दल तुला वेगळं सांगायला नको.

खालच्या लोकांनी कुरकुर केली. मी म्हटलं, साऱ्या जगाचे समुद्र तापताहेत, मग आपल्याच टाकीचे लाड कशाला? लोकांना खरा समुद्र दाखवा. शिवाय विजेची बचत होते ती वेगळीच.

आणि काय सांगू! टाकीतलं प्रवाळ पांढरंशुभ्र झालं. मधला तो मोठा सुरकुतलेला गोळा, ज्याला सगळे म्हातारी म्हणतात, तो तर नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतोय. शास्त्र तुला सोपं करून सांगतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी. हजारो बारीक तोंडं एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगाखाली दगडाचं घर बांधत जातात. ह्या प्राण्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ मुक्काम ठोकून असतं. रंग असतो त्या शेवाळाचा, नाव होतं प्रवाळाचं. पाणी जरा गरम झालं, तशी प्रवाळाने ह्या आयत्या बिळावरच्या नागोबांना बाहेर काढलं. आता उरलं ते निव्वळ, स्वयंपूर्ण प्रवाळ. अध्यक्षसाहेब इतके खूश आहेत, की दहा मेच्या वर्धापनदिनी ते स्वतः ‘शुभ्र दालना’चं उद्घाटन करणार आहेत. माझं पुढचं पाऊल कुठे पडेल, हे मी लिहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी सर्व क्षेम. ही हवापालटाला गेली आहे. कुठे ते नीटसं सांगून गेली नाही, घाईत होती. मी उत्तम आहे. एक विचारायचं होतं, साधारणपणे लोकांच्या घरात साखर कुठे ठेवलेली असते?

तुझा,
ढब्बू


११ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

क्रांतीची बातमी वाचली. माणूस घामाने भिजू नये म्हणून समुद्र उकळायचा, ही युक्ती आपल्या घराण्यात आजवर कोणाला सुचली नव्हती. वडील असते तर त्यांनी तुला जवळ बोलावून शाबासकी दिली असती, आणि कशाने दिली असती ते तुला माहीत आहे.

मी शास्त्र शिकलेली नाही, पण अडाण्यासारखं एक विचारते. ते शेवाळ म्हातारीच्या अंगात राहून नुसतंच लोळत होतं का रे? माझ्याकडे सध्या एक पाहुणी आली आहे. ती म्हणते, की ते शेवाळ दिवसभर उजेड खाऊन साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी म्हातारीलाच देतं. म्हातारी त्याला राहायला जागा देते आणि जे स्वतःला नको तेच त्याला खत म्हणून देते. म्हणजे घर हिचं, पण चूल त्याची. ह्यात फुकटं कोण, ते मला कळेना. चूल चालवणाऱ्याला बाहेर काढून जो मागे राहतो, त्याला तुमच्या संस्थेत स्वयंपूर्ण म्हणत असतील. आमच्याकडे उपाशी म्हणतात.

हे सगळं तुला माहीत होतं, ढब्बू. नोकरीला लागलास तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून टाक्या घासायचास आणि घरी आलास की जेवण सोडून हेच सांगत बसायचास. मग तुला खुर्ची मिळाली.

वहिनी हवापालटाला गेली हे बरंच झालं. हवा खरोखरच पालटायला झाली होती. कुठे गेली ते तू विचारलं नाहीस की तिने सांगितलं नाही? पाहुणीचं नाव तू विचारशील म्हणून आधीच सांगून ठेवते, मी सांगणार नाही. ती शांत आहे, कामाची आहे आणि माझ्या घरात आल्यापासून माझं वजन वाढलं आहे.

साखर लोकांच्या घरात डब्यात असते.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. कर्तबगार माणसाचं कौतुक करायला घरची माणसंच सर्वांत शेवटी येतात. तुझी ती पाहुणी कोणीतरी शाळेत शिकवणारी दिसते. शाळेतल्या लोकांना प्रत्येक गोष्टीत उपदेश दिसतो. हिलाही तीच खोड होती. टाक्यांखालच्या सगळ्या पाट्या हिच्या अक्षरातल्या, ‘प्रवाळ आणि शेवाळ एकमेकांना कसे जगवतात’, असल्या. आता आमच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने नव्या पाट्या लिहिल्या आहेत. ‘शुभ्रतेकडून समृद्धीकडे’. मोठ्या ठशात. ह्या माणसाला दृष्टी आहे. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तो ‘अगदी बरोबर, साहेब’ म्हणतो, म्हणजे त्याला आधीच कळलेलं असतं.

गर्दी तर विचारू नकोस. नवरानवरी येऊन पांढऱ्या प्रवाळासमोर फोटो काढून घेतात. एक बाई म्हणाली, किती शांत वाटतं इथे. मी म्हटलं, शिस्त आहे.

तू उगाच मनाला लावून घेशील म्हणून ही का गेली ते सांगतो. काही विशेष झालं नाही. हिने जेवताना विषय काढला, की चिलर चालू करा, म्हातारी जाईल. रोज एकच टुमणं. मी म्हटलं, हे घर नाही, संस्था आहे, आणि घरातल्या माणसांनी संस्थेत लुडबूड करू नये. ह्यात चुकीचं काय आहे? तर ही ताट बाजूला सारून म्हणाली, तुमची भाषणं कोण लिहितं? मी म्हटलं, ती वाचतो कोण? आवाज थोडा चढला असेल. दुसऱ्या दिवशी हवापालट. अलीकडे तिची बोलण्याची पद्धतच कडू झाली होती, ताई. माणसाने किती सोसायचं?

घर मी व्यवस्थित चालवतोय. कपडे स्वतः धुतले. कपाटातल्या निळ्या बाटलीतलं औषध सढळ हाताने घातलं, तर सगळे शर्ट पांढरे झाले. निळा, तपकिरी, तो चौकड्यांचा, सगळे. मला चांगले दिसतात. प्रसिद्धी अधिकारी म्हणाला, साहेब, दालनाला शोभून दिसता.

साखर अजून सापडली नाही. चहा कोरा आणि कडू पितो. तब्येतीला चांगला असतो म्हणे.

तुझा,
ढब्बू


२८ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

टाकी पांढरी, शर्ट पांढरे. आता तेवढं तुझं तोंड पांढरं पडायचं राहिलंय. ते दहा मेला पडेल.

तुझ्या त्या होयबाबद्दल मी काही बोलत नाही. गूळ दिसला की माशा येतात, गूळ संपला की दिसेनाशा होतात.

पाहुणीला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. पाट्यांपाशी ती उठून खिडकीपाशी गेली, शर्टांपाशी मात्र हसली. मी म्हटलं, जाऊ दे गं, त्याच्या अकलेचा खंदक तुला नवा आहे का? तर ती तुझीच बाजू घ्यायला लागली! म्हणाली, चूक एकट्या प्रवाळाची नसते. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की शेवाळाचंही बिघडतं. जे साखर देत होतं ते विष सोडायला लागतं, म्हणून प्रवाळ त्याला बाहेर काढतं. दोघांचाही नाइलाज असतो. मी तिला विचारलं, मग दोष कोणाचा? ती म्हणाली, पाणी तापलं ना.

ती तेवढंच बोलली. ती सोशीक आहे. मी नाही. म्हणून मी विचारते, पाणी कोणी तापवलं, ढब्बू? तिचं बोलणं कडू झालं म्हणतोस. तिच्या हातच्या भाषणांवर टाळ्या घेतल्यास, तिने लिहिलेल्या पाट्यांवर बढती घेतलीस आणि तिला म्हणालास, लुडबूड करू नकोस. एवढ्या आचेवर साखरही करपून कडू होते.

आता कामाचं. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. त्याच्या अंगात चिमूटभर शेवाळ मागे राहिलेलं असतं. पाणी वेळेवर गार झालं तर ते पुन्हा वाढतं आणि म्हातारीच्या अंगावर रंग चढतो. पण उपासाला हद्द असते. म्हातारीला तळहाताएवढी असताना ह्या टाकीत कोणी लावलं, आठवतंय? होडीचा नांगर पडून फुटलेल्या प्रवाळाचा तुकडा होता. तू आणि वहिनी लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला म्हणून गेलात आणि बादलीत पाणी घालून तो मांडीवर धरून आणलात. त्या बादलीने माझी चांगली गादी भिजवली, म्हणून मला लख्ख आठवतं.

चिलर चालू कर. मान भाजली तर ओला टॉवेल गुंडाळ.

तुझी,
ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर काळच देणार होता. दिलं आहे.

रंग परत आला! ऐकतेस ना? चिलर बंद, पाणी कोमट, आणि तरी म्हातारीच्या डोक्यावर हिरवा रंग चढतोय. आधी पुसटसा होता, आता दाट मखमलीसारखा आहे. शेजारच्या फांद्यांवरही पसरलाय. म्हणजे शेवाळ परत आलं, तेही आपण होऊन, कोणी विनवण्या न करता. मी तुला आणि तुझ्या पाहुणीला हेच सांगत होतो. गरज ज्याची त्याला असते, ताणून धरलं की येतात परत.

खालच्या लोकांनी नाकं मुरडली. एक जण म्हणाला, हे ते नव्हे. मी म्हटलं, शेवाळ ते शेवाळ. प्रसिद्धी अधिकाऱ्याने ताबडतोब भाषणात बदल केला. आता दहा मेला मी ‘पुनरुज्जीवना’वर बोलणार आहे. अध्यक्षसाहेबांचा उद्घाटनानंतरचा चहा माझ्या केबिनमध्ये ठेवलाय.

घरीही सगळं पूर्ववत आहे, उलट जास्त सोयीचं आहे. प्रसिद्धी अधिकाऱ्याच्या घराची डागडुजी चालली आहे, म्हणून तो आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. हिची पुस्तकं त्याने खोक्यात भरून ठेवली. स्वयंपाक त्याला येत नाही, पण बाहेरून मागवलेलं जेवण तो मोठ्या चवीने जेवतो आणि मी काय बोलतो ते टिपून घेतो. घरात माणूस असला की बरं वाटतं. हल्ली मला जरा थकवा असतो, वजनही उतरलंय. तो म्हणतो, साहेब, तरुण दिसता.

तेव्हा ताई, हार मान. पाहुणीलाही कळव.

तुझा विजयी,
ढब्बू


३० एप्रिल

ढब्बू,

आशीर्वाद नंतर देईन, शिल्लक राहिले तर.

तो रंग म्हातारीचा नाही. म्हातारीचं शेवाळ तिच्या अंगाच्या आत राहतं आणि बाहेरून ती तपकिरी, सोनेरी दिसते. हिरवी मखमल वरून चढते ती घरधनी मेल्यावर. ओसाड घरात गवत माजतं, त्याला कोणी नांदतं घर म्हणत नाही. पुढचं पाहुणीने सांगितलेलं शब्दाला शब्द लिहिते. बाही वर कर, टाकीत हात घाल आणि हिरव्यावर बोट घास. निघून आलं तर खालची तोंडं गेली. मग विजेरी घेऊन म्हातारीच्या मागच्या अंगाला बघ, जिथे खडकाच्या फटीतून बारीक नळ आत येतो. बाहेरच्या मोठ्या हौदातलं ताजं पाणी तिथून झिरपतं, ते जरा गार असतं. काही उरलं असेल तर तिथेच.

तुझं पत्र वाचल्यावर ती जेवली नाही. मी खूप सांगितलं. ती एवढंच म्हणाली, म्हातारी गेली तर मी त्या गावात परत कशाला जाऊ?

आणि तू मागच्या खोलीत जो ठेवून घेतलायस ना, आयत्या बिळावरचा नागोबा तो. तो तुला खाऊ घालत नाही, तुझ्यावर वाढतोय.

ताई


१८ मे

ती. ताईस,
सा. नमस्कार.

हे पत्र मी यंत्रखोलीतून लिहितोय. कागदावर घामाचे थेंब पडलेत, ते अश्रू समजू नकोस. त्यातले थोडे आहेत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तरी टाकीपाशी जायचा धीर होईना. शेवटी दहा मेच्या सकाळीच, दारं उघडायच्या आधी, पांढऱ्या शर्टाची बाही वर केली. किती वर्षांनी त्या पाण्यात हात घातला, मलाच आठवेना. पाणी कोमट होतं. आंघोळीला काढल्यासारखं. म्हातारीच्या डोक्यावर बोट घासलं. मखमल बुळबुळीत गोळा होऊन हातात आली. खाली नुसता दगड, बारीक बारीक रिकाम्या वाट्यांचा. एकही तोंड नव्हतं, ताई. मी कितीतरी ठिकाणी घासून पाहिलं. सगळीकडे तेच.

मग विजेरी घेऊन मागे वाकलो. पोट आडवं येत होतं. नळापाशी, फटीच्या सावलीत, तळहाताएवढा तुकडा अजून तपकिरी आहे. मी हलकेच बोट लावलं, तर बारीक तोंडं चटकन आत मिटली. जिवंत आहेत. आम्ही बादलीतून आणला होता तेवढाच तुकडा उरलाय. मला तिथेच रडू आलं. झाडूवाल्या मावशींनी पाहिलं आणि त्या दुसऱ्या दालनात झाडायला गेल्या.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो नळ बाहेरून दिसत नाही. तो कुठे आहे हे फक्त दोन माणसांना माहीत होतं, एक मी आणि दुसरी तो बसवताना विजेरी धरून उभी असलेली. पाहुणी कोण हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं. आमच्या सगळ्या मत्स्यालयात माझ्याइतका मठ्ठ मासा नसेल.

आता समारंभ ऐक. अध्यक्षसाहेब, बॅन्ड, फीत, सगळं होतं. होयबाने (तूच ठेवलेलं नाव, चांगलं आहे) भाषणाचे कागद हातात दिले. पहिलं वाक्य वाचलं, ‘आज ही संस्था कोणावरही अवलंबून नाही.’ पुढचं वाचवेना. कागद घडी करून खिशात घातले आणि म्हटलं, हे दालन शुभ्र नाही, उपाशी आहे. आम्ही ह्याला उपाशी मारलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला! मी पुन्हा म्हटलं, अहो, खरंच, हे मेलंय, माझ्या केबिनच्या गारव्यासाठी मेलंय. आणखी टाळ्या. अध्यक्षसाहेब शेजाऱ्याला म्हणाले, काय खोल बोलतो हा माणूस. इतकी वर्षं ही माझी भाषणं लिहायची आणि ती लोक मन लावून ऐकायचे. मी स्वतःचं पहिलंच खरं वाक्य बोललो, तर त्यांना तो अलंकार वाटला.

बोलून भागत नाही म्हटल्यावर मी व्यासपीठावरून उतरलो आणि केबिनमध्ये गेलो. मानपत्रं एकेक करून भिंतीवरून काढली, झरोका मोकळा केला आणि चिलर चालू केला, पूर्ण जोरात. तेवढ्यात मंडळी चहाला आत आली. अध्यक्षसाहेबांना मानाची म्हणून माझी खुर्ची दिलेली होती. गरम वारा बरोबर त्यांच्या मानेवर. पहिल्या घोटाला ते म्हणाले, उकडतंय जरा. दुसऱ्या घोटाला उभे राहिले. तेव्हा मी काय बोललो होतो, ते त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. प्रकृतीच्या कारणास्तव मला संचालकपदावरून मोकळं केलंय आणि निवृत्तीपर्यंत यंत्रखोलीची देखरेख दिलीय. प्रभारी संचालक होयबा. तो माझ्या घरातून त्याच संध्याकाळी हलला, जाताना ‘अगदी बरोबर, साहेब’ म्हणायलाही थांबला नाही. उकडतं म्हणून केबिनमध्ये तो पाऊल टाकत नाही, वर अध्यक्षांच्या मजल्यावर बसतो. त्यामुळे चिलरला हात लावायचं आता कोणालाच कारण उरलेलं नाही. पाण्याच्या तापमानावर एक अभ्यास समितीही नेमली आहे. तिची पहिली बैठक थंड हवेच्या ठिकाणी आहे.

केबिनची अर्धी भिंत काढून टाकली. माझं टेबल झरोक्यासमोरच आहे. ओला टॉवेल गुंडाळतो. टाकी गार आहे. हिरवं सगळं मी रोज हाताने घासून काढतो आणि त्या तळहाताएवढ्या तुकड्याला बारीक अन्न भरवतो. हिच्या जुन्या पाट्या कोठारात सापडल्या. पुसून पुन्हा लावल्या, कोणाला विचारलं नाही.

पाहुणीला काय लिहावं ते सुचत नाही. भाषणं तीच लिहून द्यायची ना. तू सांग तिला, की पाणी मी तापवलं. एवढंच सांग.

तुझा,
ढब्बू


२४ मे

अहो,

वन्संनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं आणि उत्तर तूच लिही म्हणून पेन हातात कोंबलं. त्या स्वयंपाकघरात आहेत, म्हणजे दाराआड उभ्या आहेत.

तुम्ही अन्न भरवताय ते ठीक, पण थोडं द्या. आजाऱ्याला कोंबून वाढू नये. तुकड्याभोवतीची पांढरी कड घासू नका, ती मेलेली नसेलही. कधीकधी वरून अगदी संपल्यासारखं दिसतं आणि आत थोडं शिल्लक असतं. दिवे काही दिवस मंद ठेवा. तपकिरी रंग कडेने पसरायला लागला तर समजा, जमलं. पण पुन्हा पिंपाएवढी म्हातारी व्हायला जेवढा वेळ लागेल, तेवढा आपल्या दोघांकडे नाही. आपल्यामागे कोणीतरी बघेल. त्यासाठी चिलर चालू पाहिजे.

मला राग येऊन गेला, हे खोटं बोलणार नाही. अजून थोडा आहे. तुम्ही मला लुडबूड म्हणालात, ते मी रोज आठवते. पण त्या समारंभात तुम्ही जे एक वाक्य बोललात, ते मी लिहिलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं होतं. ते मला सुचलं नसतं.

मी गुरुवारी येते. एकच पिशवी आणतेय, बाकीचं सामान वन्संकडेच राहू दे. पाणी गार राहतंय असं दिसलं, तर एकेक करून नेईन. यापुढे भाषणं लिहिणार नाही. पाट्या लिहीन, पण खाली माझं नाव असेल. पांढरे शर्ट फेकू नका, यंत्रखोलीत घालायला होतील.

साखर तुमच्या डोळ्यांसमोरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात आहे. इतकी वर्षं तिथेच होती. तुम्ही आपली काढून घेऊ नका, मी येईन तेव्हा मी काढीन. चहाचं पाणी मात्र तुम्ही ठेवायचं.

तुमची,
पाहुणी